हौदातलं पाणी झोपलंय

लोरेन, कॉफी घे, जरा टेक आणि ऐक, एक गोष्ट सांगते. परसातल्या पोहायच्या हौदावरचं झाकण मी काल काढलं. चिडू नकोस. उद्या तो बुजवायला माणसं येणार हे ठाऊक आहे मला, पण मे महिना लागला आणि राहवेना.

आत तीन बेडूक निघाले. पाणी हिरवंगार. तुझे बाबा होते तेव्हा क्लोरीन ओतताना चर्चमधल्या आपल्या पास्टरांसारखा प्रवचनाचा सूर लावून मला विचारायचे, "पाणी मेलं का गं, व्हर्डेल?" आणि आपण दोघी स्वयंपाकघरातून ओरडायचो, "नाही हो, झोपलंय!" काल क्लोरीन ओतताना तो सूर मी लावला. तू कामावर होतीस. मग उत्तरही मीच दिलं. एकटीचं 'आमेन' फार पोकळ वाजतं गं.

मी चर्चला जातेय. तळलेली कोंबडी फ्रिजमध्ये आहे. हौदाचा पंप मी चालू केलाय, तो बंद करू नकोस. पाणी निवळायला चार दिवस लागतील. त्या माणसांना काय सांगायचं ते तूच ठरव. फक्त त्याआधी एकदा काठावर उभी राहा आणि बाबांना आठवून मोठ्याने म्हण, "झोपलंय!"

आई