रेवनबीचा कडा आणि माझा लोकसंवाद

६ ऑक्टोबर
ठरलं. यंदा लोकांत मिसळायचं. विद्यापीठाने 'लोकसंवाद' नावाचा विभाग काढलाय. संशोधकांनी आपलं काम सामान्य माणसाला समजावून सांगायचं. बढतीही म्हणे त्यावरच. वीस वर्षं मी यॉर्कशरचा किनारा समुद्र कसा खातो ते अभ्यासतोय, पण घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. हिलरी म्हणते, विचारायची भीती वाटते, तू सुरू झालास की जेवण गार होतं. बायकोच ती. चालायचंच.

१४ ऑक्टोबर
त्या विभागातल्या टॅमसिनने शिकवणी घेतली. वय माझ्या लेकीएवढं. म्हणाली, डॉक्टर थॅकरे, तुम्ही निष्कर्ष पहिल्याच वाक्यात सांगून टाकता, मग माणसं पुढे कशाला बसतील? रंगवून सांगा, शेवट राखून ठेवा. अगदी पटलं.

२ नोव्हेंबर
रेवनबी गावच्या सभागृहात पहिला कार्यक्रम. माशांच्या टाकीत चिकणमातीचा कडा, वर पुठ्ठ्याची घरं, फळीने लाटा. गर्दी बरी होती. चहा फुकट होता, पण ते कारण नसावं.
पहिल्या रांगेत मिसेस गार्बट. ऐंशीच्या पुढच्या, कड्यावरच्या शेवटच्या बंगल्यात एकट्या राहतात. मांडीवर टॉफी नावाचं कुत्रं. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, बाळा, बोललास छान, पण माझं घर राहतंय का जातंय तेवढं सांग. कौन्सिलने शहरात फ्लॅट देऊ केलाय, तिथे कुत्रं चालत नाही. नाताळपर्यंत हो-नाही कळवायचंय. घर पडणारच असेल तर टॉफीला शेजारी ठेवून जाईन, नाहीतर इथेच मरेन सुखाने.
मी म्हटलं, संशोधन चालू आहे, पुढच्या कार्यक्रमाला नक्की या.
जिज्ञासू बाई. माझी पहिली चाहती.

२३ नोव्हेंबर
ड्रोनचे फोटो आले. गार्बटबाईंच्या परसात, गवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. कडा हा हिवाळा काढत नाही. अंगावर काटा आला.
फेब्रुवारीतल्या मोठ्या कार्यक्रमाला याहून चांगला शेवट मिळणार नाही. टॅमसिनला एवढंच कळवलं की जबरदस्त शेवट सापडलाय. तिने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

२४ नोव्हेंबर
कौन्सिलला कळवावं असं सकाळी मनात आलं. पण घाईत काही बाहेर गेलं आणि चुकीचं निघालं तर माझीच शोभा. आधी नीट तपासायचं. सोमवारपासून.

११ डिसेंबर
तपासायचं राहिलंय. पुठ्ठ्याच्या घरांत लावायला बारके दिवे आणले. अंधारात फार छान दिसतात.

१८ डिसेंबर
दुसरा कार्यक्रम. गार्बटबाईंनी सगळ्यांदेखत पुन्हा तेच विचारलं. म्हणाल्या, व्याख्यान नको, हो का नाही, एका शब्दात सांग. मी म्हटलं, आजच सांगितलं तर फेब्रुवारीत कोण येईल? अख्खं सभागृह हसलं. बाईही हसल्या, जरा उशिराने.
घरी हिलरीने विचारलं, तुला उत्तर माहीत आहे ना? मग सांगत का नाहीस त्या म्हातारीला? मी म्हटलं, शास्त्रात खात्री अशी नसते. ती ताट उचलून आत गेली. हिला संशोधनातलं काय कळणार.

१ जानेवारी
संकल्प. गोड कमी. रोज चालणं. गार्बटबाईंना फोन. फ्लॅटची मुदत उलटली असेल, पण आपण आपलं केलेलं बरं.

१२ जानेवारी
फोन केला. उचलला नाही. कुत्र्याला फिरवायला गेल्या असतील. परत करेन.

२९ जानेवारी
काल दुपारच्या वादळात रेवनबीचा कडा गेला. बंगल्याचं स्वयंपाकघर गेलं, परस गेलं, आणि दोरीवरचे कपडे काढायला परसात गेलेल्या गार्बटबाई गेल्या. कुत्रं वाचलं.
माझा अंदाज बरोबर निघाला.
दिवसभर अन्न गेलं नाही. पित्त असावं.

३ फेब्रुवारी
टॅमसिनचा फोन. कार्यक्रम रद्द करूया म्हणाली. मी म्हटलं, उलट आत्ताच लोकांना माहितीची गरज आहे. मग तिने विचारलं, तुमचा तो शेवट काय होता? मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये.

१२ फेब्रुवारी
मोठा कार्यक्रम. टाकी भरली, दिवे लावले. कुणी आलं नाही. टॅमसिनही नाही. सगळं गाव समोरच्या चॅपलमध्ये, गार्बटबाईंच्या अंत्यविधीला. मला कुणी कळवलं नव्हतं.
ते आटोपल्यावर विल्फ आला. सभागृहाच्या चाव्या त्याच्याकडे असतात, बाईंचा शेजारीही तोच. टॉफी आता त्याच्याकडे.
काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, बाईंनी फ्लॅट का नाही घेतला?
विल्फ म्हणाला, आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, ऐकेनात. म्हणायच्या, त्या डॉक्टरच्या तोंडाला खळ नसते. धोका असता तर तो गप्प बसला असता का?
मग त्याने विचारलं, दिवे मालवू?
मी म्हटलं, मालवा.