गाडीचा कणा मोडला नव्हता

बेलखेडा, जालना तालुका
ता. १२ नोव्हेंबर १९३४

विहीणबाई तुळजाबाई यांना सगुणाबाईचा सप्रेम सलाम.

परतूरहून तुमचं पत्र पोचलं. आपल्या नातीला, छकुलीला दात आले, वाचून बरं वाटलं. इकडे कापसाची वेचणी चालू आहे. माझे गुडघे रुसून बसलेत, तरी बायकांची शुक्रवारची प्रार्थना मी चुकवत नाही.

तुम्ही लिहिता, "नाताळ झाला की पोरीला तुमच्याकडे घेऊन येते, तुमच्या घरात देव आधी असतो, ती तिथंच नीट वाढेल." चार दिवस हे उत्तर लिहायचं टाळलं. पोर मला हवीच आहे हो. पण खोटं बोलून मिळालेली नको.

गाडीचा कणा मोडला म्हणून तुमच्या लेकीला, ताराला, बाळंतपणाला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, असं मी सांगितलं. कणा धड होता. त्या दिवशी रविवार होता.

रविवारी आपल्या ख्रिस्ती वाडीत बैल जुंपायचे नाहीत, हा दंडक माझाच. लोकांचे जुंपलेले बैल मी जाऊन सोडवलेत. सुईण म्हणाली, "बाई अडलीय, जल्दी जालन्याला न्या." रामकिसननं बैल काढले. मी जू धरून उभी राहिले.

"माय, सोड. तिला सोसंना."

"आज देवाचा दिवस हाय. देव आधी. उद्या पहाटं जा."

पोरगा माझं ऐकत आला, तेव्हाही ऐकलं. सोमवारी दुपारी दवाखान्यात छकुली जन्मली आणि तारा गेली. आता तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

देवाला आधी ठेवा, हे इस्राएलाच्या संदेष्ट्यांचं सांगणं मी वाडीकडून घोकून घेतलं. देवाला यज्ञापेक्षा दया आवडते, हेही त्यांनीच सांगितलंय. ते पान मी भरभर उलटत आले. मूर्तींवरून लोकांना बोलणारी मी, आणि देवाच्या जागी माझा हट्ट बसवून त्याच्या पाया पडत होते. माझीच मला किळस येते.

पोर द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. न दिलीत तर मी तक्रारीचा शब्द काढणार नाही.

आणखी एक. तारा प्रभूचं नाव घेत गेली, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्हाला त्याचा केवढा आधार वाटला. तेही खरं नव्हतं. ती सगळा रस्ता तुम्हालाच हाका मारत होती, "माय, माय" म्हणून. आणि मी तिला गप्प केलं.

तुमची अपराधी,
सगुणा