घरात शिरण्याचा गुप्त दरवाजा

रविवार, ३ मार्च
निश्चय. घरी स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर बसवणार. म्हणजे जगात कुठेही असलो तरी घरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित पोहोचता येईल. शेजारच्या टेबलावरच्या टकल्याने परवा ऑफिसात हे करून दाखवलं. त्याला जमतं, म्हणजे अक्कल लागत नसणार.
बायको म्हणाली, घरच्या कॉम्प्युटरवर असं काय आहे जे ऑफिसात लागतं? या बाईशी तांत्रिक चर्चा शक्य नाही.
सासूबाईंची एकच काळजी: परदेशातल्या धाकट्या लेकीशी बोलता येईल ना? तिचे दिवस भरत आलेत. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, सगळा भार वायफायवर. म्हटलं, उलट सुधारेल.

सोमवार, ४ मार्च
राउटर म्हणजे दारावरचा वॉचमन. त्याला सांगायचं, या नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कुणी टकटक केली की माझ्या कॉम्प्युटरकडे पाठव. सांगितलं. सोफ्यावर बसून फोनवरून टकटक केली. लागलं! पहिल्या फटक्यात. लोक याचे क्लास लावतात म्हणे.

मंगळवार, ५ मार्च
ऑफिसातून लागलं नाही. ऑफिसचं नेट भिकार. टकल्याचं लागलं, पण त्याने काहीतरी लबाडी केली असणार.

बुधवार, ६ मार्च
कोपऱ्यावर उभा राहून मोबाईलच्या नेटवरून पाहिलं. नाही. मोबाईल कंपनीही भिकार.
बायको म्हणाली, सोमवारी तुम्ही घरच्याच वायफायवर होतात ना? म्हणजे घरात बसून घरात शिरलात. उगाच काहीतरी बोलायचं. (बरोबर आहे. पण सांगायची पद्धत?)

शुक्रवार, ८ मार्च
राउटरमधलं एकेक बंद करून पाहिलं. नेट गेलं. नेमक्या तेव्हा सासूबाई लेकीशी बोलत होत्या. लेक म्हणे, आई, डॉक्टर म्हणाले की... आणि पडदा काळा. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. घर शांत. कामाला उत्तम.

शनिवार, ९ मार्च
राउटर रीसेट. सगळं पहिल्यापासून. सुरक्षिततेसाठी वायफायचा पासवर्डही बदलला, लांबलचक. कुणालाही सांगितलेला नाही. सांगितला तर गुप्त कसला? बायको दारात उभी राहून म्हणाली, आईला आज बोलायचंय. म्हटलं, उद्या. या घरात कुणाला धीर म्हणून नाही.

रविवार, १० मार्च, सकाळ
सापडलं! कॉम्प्युटर बंद-चालू केला की राउटर त्याला नवा पत्ता देतो. जुना पत्ता गेला प्रिंटरला. सोमवारनंतरच्या सगळ्या टकटकी मी प्रिंटरच्या दारावर केल्या. प्रिंटरने एका शब्दाने सांगितलं नाही. आता कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा पक्का केला. लॅपटॉप घेऊन समोरच्या बागेत निघालो.

दुपार
लागलं!! बागेतल्या बाकावरून! घरच्या कॉम्प्युटरचा अख्खा पडदा समोर. काय उघडावं सुचेना, म्हणून कॅल्क्युलेटर उघडला. बाकावरच्या म्हाताऱ्याला दाखवला. तो उठून गेला. बायकोला फोन केला. लागला नाही.

संध्याकाळ
घराला कुलूप होतं. सगळे शेजारी, ज्याचं घोरणं रात्रभर भिंतीतून ऐकू येतं त्या घोरणाऱ्याकडे. हा माणूस राउटर चपलांच्या कपाटावर ठेवतो आणि पासवर्ड एक ते आठ. त्याच्या खुर्चीत सासूबाई, मांडीवर त्याचा टॅब. धाकटीला पहाटेच मुलगी झाली. सकाळभर तिकडून व्हिडिओ कॉल येत होते. आमच्याकडे लागणार कसे? शेवटी तिच्या नवऱ्याने घोरणाऱ्यालाच निरोप दिला. तो बनियनवर धावत आमच्या दारात आला म्हणे.
मी दारातून म्हटलं, लागलं!
सासूबाई शुक्रवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, हळू, ती झोपलीये.
बायकोने वळूनही पाहिलं नाही. खुर्चीमागे तिघं-चौघं दाटीने उभे, मला नुसते खांदे दिसत होते. शेवटी घोरणाऱ्याने मागे हात करून खूण केली, तुमच्या फोनवर फोटो पाठवलाय, आमचंच वायफाय जोडा.
चपलांच्या कपाटापाशी उभा राहून जोडलं. मूठभर तोंड, मिटलेले डोळे, डोक्यावर टोपडं.
चटकन लागलं.