मे महिन्यातले पेशंट

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

दवाखान्यात नवा प्रोग्राम चालू झाला. शनिवार-रविवारी कंपनीनं जुन्या कॉम्प्युटरमधली सगळी माहिती त्यात टाकली. सकाळी पासवर्ड चालेना, त्यात अर्धा तास गेला. बाकी ठीक. कुत्रं चावलेल्यांच्या सुयांची यादी आता आपोआप निघते. आज कुणाची सुई आहे ते तोच सांगतो, मी फक्त फोन करायचा. इतके दिवस तारखा बघून बोटांवर मोजत मीच काढायचे – पहिल्या दिवसापासून तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

यादीत दोनच नावं. एरवी सात-आठ असतात. शांताक्का, आमच्या थोरल्या सिस्टर, म्हणाल्या, "कुत्रीबी सुट्टीवर गेली काय गं अयोध्या?" हसलो. काम कमी म्हणून बरंच वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बेंबळीचे रामकिसन काका बोलावल्याशिवाय आले. केसपेपर पुढं केला, "आज तिसरी सुई हाय माझी." यादीत नाव नव्हतं. शोधलं तर स्क्रीनवर – कुत्रं चावलं ११ मे.

"काका, मे महिन्यात चावलं होतं का?"

"मे? बाई, गेल्या बुधवारी चावलं. पोटरी बघा की."

त्यांना सुई देऊन पाठवलं आणि केसपेपर समोर ठेवून बसले. कागदावर ५/११. आपण वाचतो पाच नोव्हेंबर. नवा प्रोग्राम महिना आधी वाचतो – पाचवा महिना, तारीख अकरा. तेरा तारखेपासून पुढं गडबड नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. पण एक ते बारापर्यंतचे सगळे उलटे झाले. मे महिन्यातला पेशंट म्हणजे त्याच्या हिशेबानं कधीच बरा होऊन गेलेला. मग यादीत कशाला येईल!

कंपनीत फोन केला. आमची माहिती भरणारी त्यांची मुलगी, शिवांजली, बोलली. "थांबा मॅडम, बघते." अर्ध्या तासानं तिचाच फोन आला, "बरोबर आहे तुमचं. दुरुस्तीला उद्याची दुपार होईल."

जेवताना डबा तसाच राहिला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारची वाट बघितली नाही. कपाटातून केसपेपर काढले आणि एकेक हातानं बघितला. रामकिसन काका सोडून नऊ जण राहिलेत. कुणाची तारीख काल गेली, कुणाची तीन दिवसांपूर्वी. डॉक्टर रणधीर सरांना सांगितलं. ते शांत असतात, आजही होते. म्हणाले, "राहिलेली सुई लगेच द्यायची. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पण एकही राहता कामा नये."

संध्याकाळपर्यंत सात जण येऊन गेले. तुळजापूरच्या लॉजवर काम करणारा एक जण उद्या सकाळी येतो म्हणाला. राहिल्या गजराबाई. धनगराच्या घरातल्या, मेंढ्या घेऊन फिरतीवर. तीन तारखेला उजव्या हाताला चावलं, खोल. केसपेपरवर सरांच्या अक्षरात – कुत्रं दुसऱ्या दिवशी मेलं. म्हणजे बहुतेक पिसाळलेलं. तिसरी सुई सोमवारी होती. फोन बंद.

अकरा वेळा लावला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तुळजापूरचा माणूस सकाळीच येऊन गेला. मग मी आणि शांताक्का दवाखान्याच्या जीपनं निघालो. मांडीवर सुयांचा बर्फाचा डबा. पत्त्यावरच्या शेतात फक्त लेंड्या. शेतमालक म्हणाला, "परवाच उठला की त्यांचा मेंढ्यांचा वाडा. बेंबळीच्या अंगाला गेले." पुढं तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी न्हाय, दुसऱ्या ठिकाणी न्हाय. तिसऱ्या ठिकाणी हरभऱ्याला पाणी देणाऱ्या बाईनं हात दाखवला – ओढ्यापलीकडं.

सोयाबीन निघालेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. गजराबाई चुलीवर भाकरी करत होत्या, डाव्या हातानं. उजव्याला फडकं. आम्हाला बघून उठल्या, घाबरल्या असाव्यात.

शांताक्कांनी सुईचं सांगितलं. त्यांचे मालक बिरदेव म्हणाले, "म्या म्हणत हुतो, एक सुई ऱ्हायलीय. पर ही म्हणली, न्हाय."

गजराबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दुसऱ्या सुईला तुमचा फोन आलता ना ताई. तिसऱ्याला आला न्हाय. म्हणलं, ऱ्हायली असती तर तुम्ही बोलावलं असतं. फोन तर कालपस्नं बंद पडलाय. त्याच्या आधी लई बघितली वाट."

मी बर्फाचा डबा उघडला. शांताक्कांनी सुई दिली, जखम धुतली. शेवटची सुई एक डिसेंबरला. मी कागदावर 'एक डिसेंबर' असं अक्षरात लिहून बिरदेवांच्या हातात दिलं. भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. परतीचा सगळा रस्ता शांताक्का जीपमध्ये झोपल्या. मी नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नऊच्या नऊ झाले. यादी कालपासून बरोबर निघते. तरी केसपेपरशी ताडून बघते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सरांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. शिवांजली म्हणाली, "चूक आमचीच आहे, सर." सर तक्रारीचं पत्र लिहायला बसले. तिची नोकरी जाईल बहुतेक.

एक गोष्ट मी इथंसुद्धा लिहिली नव्हती. प्रोग्राम चालू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, शिवांजली मला म्हणाली होती, "मॅडम, कुठल्याही दहा नोंदी तपासा, तारखा बरोबर आहेत का बघा, मगच सही करा." मी ऑक्टोबरचं शेवटचं पान काढलं. दहाही नोंदी वीस तारखेनंतरच्या. सगळ्या बरोबर. सही केली आणि घरी गेले.

आज सरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी ते उचललं आणि पत्रात 'चूक कुणाची' तिथं कंपनीच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.