न आलेली अक्षत

नेकनूर, १३२९ फसली

ती. दादांस,

गंगाराम न्हाव्याने आज गावभर तुमच्या जानकीच्या लग्नाची अक्षत दिली. तिला अक्षरं मी शिकवली, पण माझं दार त्याने टाळलं. विचारलं तर म्हणाला, "मास्तर, तुमचं नावच सांगितलं न्हाई मालकांनी. कावून, ते मला काय ठावं?"

घरातल्या मागच्या लग्नात कानाशी वाजणारी सनई मी हिसकावून मोडली, हे खरं. आता डोकं तापू लागलं की विहिरीवर जातो आणि थंड पाण्यात मनगटं धरून बसतो. जानकीच्या डोक्यावर मी मांडवाबाहेरूनही अक्षता टाकल्या असत्या.

व्याह्यांना मी वेडा आहे म्हणून सांगितलंत, की मेलो म्हणून? की हा संशयही त्याच तापातला? मला ठरवता येत नाही. पत्र पाठवत नाही. तुम्ही तेच वेडाचा पुरावा म्हणून दाखवाल.

तुमचा, अजून असलोच तर, धाकटा भाऊ
त्रिंबक