टप्पा एक: उजवी बाजू

३ फेब्रुवारी
बाबा आज गावच्या जत्रेला गेले. गाडीची चावी माझ्याकडे. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर घेतलेली ही त्यांची स्वतःची पहिली गाडी. सेकंडहँड, पण स्वतःची. निघताना म्हणाले, रोज सुरू करून ठेव जानके, भायर काढू नको, दार आपटू नको.

बाहेर काढणार नाही. दारही आपटणार नाही. दार फक्त सोलणार आहे.

विषय असा. बाबांचा जीव डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनात. पेनड्राइव्हमध्ये गावच्या बुवांचं रेकॉर्डिंग आहे, पण गाडीत लावलं की पखवाजाबरोबर दरवाजाचा पत्राही वाजतो. बाबा म्हणतात, स्पीकर जुने. मी बी.एस्सी. फिजिक्स, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला माहीत आहे की दोष स्पीकरचा नाही, पत्र्याच्या कंपनाचा आहे. दरवाजाच्या आत रबरासारखं चिकट शीट लावलं की पत्रा गप्प. चारही दरवाजे करायचे. बाबा परत आले की त्यांना वाटलं पाहिजे, बुवा मागच्या सीटवर बसूनच गातायत. शिक्षणाचा घराला काही उपयोग व्हायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

भीती अजिबात नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ
शीट आलं. दाबायचा रोलरही आला. आईने विचारलं, हा काय पसारा? मी म्हटलं, गाडीची स्वच्छता. खोटं नाही. आवाजाची स्वच्छता.

काम मेलनीच्या अंगणात करायचं. मेलनी माझी कॉलेजची मैत्रीण, जवळच्याच गावठाणात राहते. तिच्याकडे अंगण आहे, पान्हे आहेत आणि धीर आहे. गाडी तिथवर तीच नेणार. माझ्याकडे लायसन्स आहे, पण टेस्टनंतर मी गाडी चालवलेली नाही. मेलनी याला घाबरणं म्हणते. मी याला घाई न करणं म्हणते.

गाडी बाहेर काढणार नाही असं काल लिहिलं होतं. गावठाण म्हणजे बाहेर नव्हे. मागची गल्ली.

५ फेब्रुवारी
व्हिडिओतला माणूस दरवाजाचं आतलं कव्हर हसत हसत काढतो. प्रत्यक्षात स्क्रू काढून कव्हर ओढलं की आतल्या क्लिपा कटकन सुटतात आणि दर वेळी कुणाचं तरी हाड मोडल्यासारखं वाटतं. मी मध्येच फाटकापर्यंत जाऊन आले. पाणी प्यायला. मेलनी म्हणाली, नळ इकडे आहे गं, फाटकाकडे रस्ता आहे.

आत एक पिवळी वायर दिसली. पिवळी वायर म्हणजे एअरबॅग, हात लागला की तोंडावर फुटते, असं मी वाचलंय. मी मेलनीच्या आईच्या तुळशी-झेंडूच्या कुंड्यांमागे जाऊन तिथून सूचना दिल्या. मेलनीने वाकून बघितलं. म्हणाली, येडी, काच वरखाली करायची वायर आहे ही. या गाडीला एअरबॅग कुठली, हिला धड हॉर्न पण नाही. तू आधी श्वास घे यार.

मी श्वास घेतच होते. कमी घेत होते, एवढंच.

शीट लावलं, रोलरने दाबलं. शीटवरच्या फॉइलच्या कडेने बोटं कापली. कव्हर बसवून ड्रायव्हरचं दार लावलं. आधी डब्यासारखा टण्ण आवाज यायचा. आता धप. जड, मऊ, श्रीमंत आवाज. मेलनी म्हणाली, झकास. उजवीकडचा मागचा दरवाजाही झाला.

मग डावीकडचं कव्हर ओढलं. ते असं किंचाळलं की मी हात सोडला आणि मीही किंचाळले. डावी बाजू टप्पा दोनमध्ये. मोठी कामं टप्प्याटप्प्यानेच होतात.

६ फेब्रुवारी
चाचणी. उजवीकडून पखवाज, डावीकडून डबा. मेलनी म्हणाली, इकडे भजन, तिकडे भंगारवाला. मी तिला समजावलं की यालाच स्टिरिओ म्हणतात.

बाबांना सांगायचं नाही. त्यांचं त्यांना कळू दे. सांगून दिलेली भेट म्हणजे नुसती माहिती.

१० फेब्रुवारी
बाबा आले. चहा घेऊन थेट गाडीकडे. मी गॅलरीतून बघत होते. बसले, दार लावलं. थांबले. उघडलं, पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

भारावले असणार. वर येऊन पेपर उघडून बसले. मीही विचारायची घाई केली नाही.

१२ फेब्रुवारी
आई म्हणाली, यांचं काहीतरी बिनसलंय गं, सकाळपासून उजव्या कानात कोमट तेल घालून बसलेत. मी म्हटलं, जत्रेतली थंडी.

संध्याकाळी बाबा गाडीत भजन लावून बसले होते. डावा कान हाताने बंद करून ऐकलं. मग शेजारच्या सीटवर सरकून पुन्हा तसंच. जाणकार लोक असंच ऐकतात. काम यशस्वी.

छातीत थोडं धडधडतंय. यशाचंही होतं तसं.

१४ फेब्रुवारी
बाबा बोरिवलीहून आले ते घामाने शर्ट भिजवून. आईने विचारलं तर म्हणाले, उजव्या अंगान बाइकवालो आलो, माका ऐकाकच येवक नाय. समोर आलो तेव्हाच दिसलो. मग खुर्चीत बसून म्हणाले, सुहासिनी, माझो उजवो कान गेलो. डायवरचो कान गेलो तर डायवर कसलो?

आई रडायला लागली. मी पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

म्हणजे असं झालंय: उजवे दरवाजे मी गप्प केले आणि बाबांना वाटतंय कान गेला. फिजिक्सच्या दृष्टीने काम चोख आहे. पण बाइक जर हातभर जवळून गेली असती तर.

हे वाक्य पूर्ण करत नाही. उद्या सगळं सांगणार. सत्य लगेच सांगावं असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

१५ फेब्रुवारी
सांगितलं नाही. सकाळी बाबा पेपर वाचत होते. दुपारी जेवत होते. बांगड्याचे काटे काढणाऱ्या माणसाला धक्का देऊ नये. नंतर झोपले. उठल्यावर त्यांचा चेहरा असा होता की विषय कुठून काढावा सुचेना.

मी घाबरलेली नाही. योग्य वेळ शोधते आहे.

१६ फेब्रुवारी
बाबांनी बोलावून घेतलं. चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, आता गाडी तू चालव. तू शिकलंस, लायसन काढलंस. मे म्हयन्यात आमका गावाक तूच व्हर. म्हणजे त्यांना हायवेने गावी मी न्यायचं. उद्या अंधेरीला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, तिथूनच सुरुवात कर म्हणाले.

हीच योग्य वेळ होती. मी बरं म्हटलं.

बाबांनी विश्वास दाखवला, त्या क्षणी त्यांना दुखवणं बरं दिसलं नसतं. शिवाय हायवे म्हणजे काय, सरळ रस्ता.

मेलनीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, वाट लागली.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
घडलं तसं लिहिते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर, बाबा शेजारी. गल्लीतून निघताना गाडी बंद पडली. कोपऱ्यावर बंद पडली. सिग्नलला हिरवा लागला आणि बंद पडली ती पडलीच. मागे बस. बसवाला हॉर्नवरून हात काढेना. रिक्षावाला काचेपाशी येऊन म्हणाला, मॅडम, धक्का मारू का, की तुम्ही इथेच राहणार? माझा पाय क्लचवर नुसता नाचत होता. बाबा हळू म्हणाले, भिया नको, पयलो गिअर घाल. कुठला पयलो, मला काहीच दिसत नव्हतं.

मी सत्य सांगणार होते ते माझ्या तत्त्वाला धरून, शांतपणे, समोर बसून. प्रत्यक्षात मी हॉर्नच्या वर ओरडले, बाबा, तुमचा कान गेलेला नाही, दारात मी रबर लावलंय, पण आता ही गाडी तुम्ही चालवा!

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खाली उतरले. बसवाल्याला हात दाखवला, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि म्हणाले, सरक. बसून त्यांनी दार लावलं. धप. कान देऊन ऐकलं. म्हणजे कान आसा? मी मान हलवली. त्यांनी खांद्याच्या पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले, आणि गाडी काढली.

मला वाटलं, संपलं. खरं तर चांगलंच संपलं.

घेतलेली वेळ फुकट कशाला म्हणून डॉक्टरकडे गेलोच. बाबांना काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला, आवाज आला की हात वर करायचा. बाबा शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. उजव्या कानाला हात पटापट वर गेला. मग डाव्याची पाळी आली. मी काचेतून बघत होते. हात खालीच. डॉक्टर बटण दाबत होते आणि बाबा वाट बघत होते.

डॉक्टर म्हणाले, उजवा उत्तम आहे. डावा बराच कमी आहे, बरीच वर्षं हळूहळू होत आला असणार. घाबरायचं कारण नाही, मशीन लावून गाडी चालवता येईल.

बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, डाव्या दाराक काय केलंस?

काही नाही बाबा, डावी बाजू राहिलीच आहे.

मगे ह्यो खरोच गेलो, ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

येताना गाडी त्यांनी चालवली. मी शेजारी, डावीकडे. अंधेरीपासून शब्द जुळवत होते. जोगेश्वरीच्या पुलाखाली मनापासून माफी मागितली. न विचारता केलं म्हणून, सांगितलं नाही म्हणून, तुम्हाला इतके दिवस भीतीत ठेवलं म्हणून. आवाज कापत होता, पण सगळी मागितली, एक शब्द गाळला नाही. बाबा समोर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, काय बोलतंस तां मोठ्यान बोल गे.

मी म्हटलं, काही नाही, पुढे खड्डा आहे.

खड्डा त्यांना दिसला होता.

माफी मात्र मागून झालेली आहे.