लाकडी मुठीचा कोयता घे

स्वयंपाकघरात रक्त दिसेल, घाबरू नकोस. तुझ्या भावाला दवाखान्यात ठेवून मी त्याचे कपडे न्यायला आलो होतो. तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहितोय.

तू बोलावलंस म्हणून तो आला आणि आम्ही दोन टोकांनी घरामागची झुडपं तोडायला लागलो. आतून रानडुक्कर सुटलं ते थेट त्याच्या अंगावर. त्याने वार केला, पण प्लॅस्टिकची मूठ घामाने सटकली आणि कोयता लांब जाऊन पडला. डुकराने त्याची मांडी फाडली. मी डुकराच्या मानेवर घाव घालत सुटलो. ते थंड पडलं तरी माझा हात थांबेना. तुझ्या भावाला मागच्या दाराने स्वयंपाकघरात आणून जखम बांधली, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही.

त्या डुकराची मादी अजून झुडपात आहे, मागचं दार उघडू नकोस.

लोहार आज कोयते दाखवायला येईल. सरळ, हलकं पातं नको, ते गवतापुरतं ठीक. टोकाकडे जड आणि जरा वाकडं बघ. मूठ लाकडाचीच हवी, शेवटाला फुगीर, म्हणजे ओला हात अडतो. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलंय ना, तेही बघ. हात ओला करून धरून बघ, मगच घे.

टाके घालताना त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. म्हणाला, "दाजी, तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

आपल्या लग्नापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तू दवाखान्यात लवकर ये.